तोंड भिंतीकडे

आमच्या हट्टा गावात नागनाथअप्पांचं किराणा दुकान आहे आणि त्या दुकानात मालाला शिक्षा होते. तुम्ही पहिल्यांदाच गेलात तर तुम्हाला वाटेल, माल लावणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसावं. फळ्यांवर साबण आहेत, बिस्किटं आहेत, वर शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकतायत, आणि मध्येच एखादा अख्खा खण असा, की त्यातल्या प्रत्येक वस्तूची पाठ तुमच्याकडे. नाव नाही, चित्र नाही, नुसती बारीक अक्षरं. ती कंपनी जगात कुठंतरी वाईट वागलेली असते आणि अप्पांनी तिला तोंड भिंतीकडे करून उभं केलेलं असतं.

शिक्षा झालेला माल अप्पा विकत नाहीत असं नाही. गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत पाठवणं त्यांना पटत नाही. पण वस्तू हातात देण्याआधी ते तिचा गुन्हा सांगतात. एकदा शाळेला उशीर होत असताना मी टूथपेस्ट मागितली. अप्पांनी ती काढली, छातीशी धरली आणि म्हणाले, "देतो मॅडम. पण आधी ऐकून घ्या." त्या कंपनीनं लढाई करणाऱ्या एका देशातून आपण बाहेर पडलो असं जगभर जाहीर केलं होतं, आणि माल मात्र शेजारच्या देशातून तिथं जातच होता. "म्होरल्या दाराला कुलूप घातलं म्हनून दवंडी पिटली, आन् मागल्या दारानं पुड्या देऊन राहिले." त्या दिवशी माझी प्रार्थना चुकली आणि मुख्याध्यापकांना मी खरं कारण सांगितलं तर त्यांचा विश्वास बसला नाही.

मी इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवते आणि अप्पांच्या दुकानासमोरच राहते. या दोन कारणांनी मी त्या दुकानातल्या कोर्टाची बिनपगारी कारकून झाले आहे. अप्पा सकाळी रेडिओवर बातम्या ऐकतात, दुपारी मोबाइलवर बघतात आणि संध्याकाळी मला गाठून विचारतात, हा देश कुठं येतो. शेवटी मी कंटाळून शाळेतला एक जुना जगाचा नकाशा त्यांना देऊन टाकला. तो आता तेलाच्या डब्यांच्या वर टांगलेला आहे आणि फोडणीचं तेल घ्यायला आलेल्या बायकांनाही युक्रेन कुठं आहे ते ठाऊक झालं आहे.

कंपन्यांची इंग्रजी निवेदनं मराठीत सांगायचं कामही माझंच. लढाई होवो, दंगल होवो, कुठं बायकांवर जुलूम होवो, सगळ्यांचं निवेदन एकाच साच्यातून काढलेलं. आम्हाला तीव्र दुःख झालं आहे, आम्ही सर्वांच्या सोबत उभे आहोत, आम्ही आमच्या मूल्यांशी बांधील आहोत. हे वाचताना मला आमच्या खात्याची परिपत्रकं आठवतात आणि डोकं तापतं. अप्पा मात्र पोथी ऐकावी तसे डोळे मिटून ऐकतात. संपलं की डोळे उघडतात आणि ठरलेलं बोलतात.

"ते बराबर हाय. माफी कुठंय?"

एकदा मी म्हटलं, अप्पा, खेद व्यक्त केलाय की. तर म्हणाले, "खेद तर पाऊस न्हाई पडला तरी व्हतो मॅडम. माफी आपल्या हातानं केल्याची आसते."

त्यांच्या न्यायाची तऱ्हा अशी. एक बडी कंपनी वर्षातला एक महिना आपल्या चिन्हाला सात रंग लावते, सगळ्या तऱ्हेच्या माणसांना आम्ही आपलं म्हणतो हे दाखवायला. पण ते फक्त ज्या देशांत टाळ्या मिळतात तिथं. जिथं असले रंग लावले तर दुकान जाळतील, तिथं ते चिन्ह साधंच. हे ऐकल्यावर अप्पांनी तिचे सगळे डबे फिरवले. "मानपान व्हतो त्या लग्नात नाचायला म्होरं, आन् भांडण झालं त्या लग्नात जेवायला बी न्हाईत." हट्ट्यात त्या सात रंगांची कुणाला काही पडलेली नव्हती. अप्पांना मात्र दुटप्पीपणाचा राग आला होता आणि तो दिवाळीपर्यंत उतरला नाही.

अप्पा चुकतातही. एकदा सगळ्या अगरबत्त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. गुन्हा काय, तर इतकी मोठी लढाई चालू आहे आणि ही कंपनी एक शब्द बोलत नाही. मी पुडा उलटून पाहिला. ती अगरबत्ती नांदेडच्या बाजूला एका घरात दोन जावा मिळून वळत होत्या. त्यांनी लढाईवर काय बोलायचं? अप्पा ओशाळले. त्यांनी प्रत्येक पुडा हातात घेऊन सरळ केला, वरच्या पुड्याला हात जोडले, "चुकलं माझं" म्हणाले आणि त्यातलीच एक काडी लावली. दुकानात गिऱ्हाइकं होती. अप्पांना काही लाज वाटली नाही.

आता महानंदाकाकूंविषयी सांगायला हवं, म्हणजे अप्पांच्या बायकोविषयी. काकू उंच, हाडापेरानं मजबूत आणि रंगानं काळ्या. मी हे सरळ लिहिते, कारण मीही तशीच आहे आणि "सावळी" म्हणून माझी बोळवण केलेली मला आवडत नाही. काकूंना सगळं गाव हसवणारी बाई म्हणून ओळखतं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी देतात. काकूंच्या सासूबाईंनी लिंबू रंगाची दिली आणि काळीवर काळं काय दिसणार, असं चार बायकांत म्हणाल्या. काकू ही गोष्ट सासूबाईंचा आवाज काढून सांगतात आणि आम्ही हसतो. पण त्यांना काळ्या साडीत मी कधी पाहिलं नव्हतं. संक्रांतीला सगळ्या बायका काळ्या साड्यांत आणि काकू पिस्ता नाहीतर लिंबू रंगात.

अप्पांची एक जुनी रीत होती. नवं खोकं फोडलं की पहिली वस्तू घरात, मग फळीवर. गोरं करणारी एक प्रसिद्ध क्रीम असते, तिचंही तसंच. पहिली ट्यूब काकूंच्या आरशाच्या कोनाड्यात. ती संपत आली की अप्पा न सांगता दुसरी ठेवायचे. गावातल्या बायकांना याचं फार कौतुक होतं. बायकोची क्रीम संपल्याचं ध्यानात ठेवणारा नवरा हट्ट्यात दुसरा नव्हता.

मग काही वर्षांपूर्वी तिकडं अमेरिकेत काळ्या लोकांवरच्या अन्यायाविरुद्ध माणसं रस्त्यावर उतरली. जगभरच्या कंपन्यांची धांदल उडाली. या क्रीमवाल्या कंपनीनं नावातला "गोरं" हा शब्द काढून टाकला आणि दुसरा एक गोड शब्द घातला. ट्यूब तीच, रंग तोच, वास तोच. अप्पा खूश झाले, सुधारले म्हणाले आणि नव्या नावाची पहिली ट्यूब घरात घेऊन गेले.

पुढचं मला काकूंनी लसूण सोलता सोलता सांगितलं. त्यांनी ट्यूब हातात घेतली, फिरवून पाहिली आणि विचारलं, "म्हंजी आता गोरं व्हायचं न्हाई व्हय? मंग इतके दिस मी काय करून राहिले व्हते?" आणि ट्यूब अप्पांच्या हातात परत दिली. हे सांगताना काकू हसल्या नाहीत.

अप्पांनी दुकानात जाऊन त्या क्रीमचं खोकं भिंतीकडे फिरवलं. ही पहिली शिक्षा. टूथपेस्ट, सात रंगांचे डबे, बिचाऱ्या अगरबत्त्या, हे सगळे नंतरचे.

त्यानंतर आणखी एक झालं. दुपारी अप्पा डुलकी काढायचे तेव्हा काकू दुकानात बसायच्या. त्यांचं एक स्टूल होतं, नकाशाच्या खाली. तिथं बसून त्या तराजूपेक्षा जास्त तोंड चालवायच्या आणि आम्ही बायका साखरेच्या निमित्तानं जाऊन तासभर उभ्या राहायचो. त्या यायच्या बंद झाल्या. गुडघे दुखतात म्हणाल्या. त्याच गुडघ्यांनी त्या शेतात जाऊन हळद खुरपत होत्या, पण अप्पांना कोण सांगणार? स्टूलवर रिकामी खोकी साठत गेली. मी एकदा ती उतरवून ठेवायला गेले तर अप्पा म्हणाले, "राहू द्या मॅडम. कंपनीनं एकडाव माफी मागितली ना, की ती येऊन बसंल. मंग काढू." तेव्हा मला कळलं की या माणसाची सगळ्या जगाशी चाललेली फिर्याद कुठून सुरू झाली आहे.

कंपनीला हट्ट्यातल्या एका फळीचं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण वसमतच्या एजन्सीचा सेल्समन दर आठवड्याला यायचा, मोबाइलवर फळीचा फोटो काढायचा आणि वर पाठवायचा. कुठंतरी कुणीतरी ते फोटो बघत असणार. एक दिवस तो तोंड पाडून आला. क्रीम पुढच्या रांगेत तोंड इकडे करून लावा, नाहीतर त्या कंपनीचा साबण, चहा, कपड्यांची पावडर, काहीच मिळणार नाही, असा निरोप होता. पोरगं भलं होतं. त्यानं अप्पांना खूप समजावलं, अप्पा, मी फिरवतो, फोटो काढतो, मी गेल्यावर तुम्ही परत फिरवा.

अप्पा गादीवरून उठले. "फळी माझी हाय, भिंत बी माझी हाय. जा, सांग तुझ्या सायबाला."

माल बंद झाला. निम्मी फळी ओकीबोकी झाली आणि गिऱ्हाइकं स्टँडजवळच्या दुकानात जाऊ लागली. मीही दोनदा गेले, चहा तर लागतोच. अप्पांनी मला पिशवी घेऊन येताना पाहिलं आणि नकाशाकडे बघत बसले.

या संक्रांतीत मात्र खुद्द कंपनीच गावात आली. "प्रत्येक रंग सुंदर" अशी त्यांची जगभर मोहीम चालली होती आणि आमच्या वाट्याला त्यातलं हळदी-कुंकू आलं. मारुतीच्या देवळापुढं, म्हणजे बरोबर अप्पांच्या दुकानासमोर, मंडप पडला. गाडीतून खुर्च्या आल्या, कर्णा आला आणि हळदीच्या पुड्या आल्या. ज्या गावात घरोघर हळद पिकते तिथं यांनी पुण्याहून हळद आणली. वाण म्हणून प्रत्येकीला नव्या नावाची ट्यूब. कंपनीची अधिकारी एक तरुण मुलगी होती, गोड बोलणारी, पाठ केलेलं मराठी नीट म्हणणारी. बायका काळ्या साड्या नेसून गच्च बसल्या होत्या. दुसऱ्या रांगेत पिस्ता रंगात काकू, त्यांच्याशेजारी मी.

कार्यक्रम रंगात आला आणि अप्पा मंडपात शिरले. बायकांच्या हळदी-कुंकवात पुरुष म्हटल्यावर एकच हशा झाला. कुणीतरी विचारलं, अप्पा, कुंकू लावू का? अप्पांनी टोपी काढून कपाळ पुढं केलं. "लावा." तिनं खरंच लावलं, हळदही लावली. तसेच ते त्या मुलीपुढं जाऊन उभे राहिले.

त्यांनी काय मागितलं ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलगी नम्रपणे म्हणाली, काका, आम्ही नाव बदललं ना.

"नाव बदललं ते बराबर हाय. पर ह्या बायांनी सारी जिंदगी तोंडाला लावलं हे. तवा तुमी म्हनत व्हते, तुमी हायत तशा बऱ्या न्हाईत. आता येऊन म्हनता, बऱ्या हायत. मधल्याचं काय? येक डाव म्हना, आमचं चुकलं. मी सगळी फळी तुमच्या नावानं लावतो."

मला अप्पांचा इतका अभिमान वाटला की मी काकूंचा हात धरला. मुलगी बाजूला जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलली. परत आली आणि म्हणाली, कंपनी तुमच्या भावनांचा आदर करते. हे वाक्य मी अप्पांना इतक्यांदा मराठीत करून दिलं होतं की मला शिसारी आली. मग तिनं माईक खाली केला आणि हळूच सांगितलं, मला तेवढं बोलायची परवानगी नाही काका. ती खरंच खजील झाली होती.

"माफीला परवानगी लागते व्हय?" अप्पा म्हणाले.

तेवढ्यात काकूंनी माझ्या हातातून हात सोडवला आणि त्या उठल्या. आम्हाला वाटलं, आता या कंपनीचं काही खरं नाही.

"त्या पोरीला काहून धरून राहिले?" काकू अप्पांना म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. "कंपनी आपल्या घरात आली व्हती का? माझ्या कोनाड्यात ट्यूब कोन ठेवीत व्हतं? सासूबाई काळी म्हनल्या, ते मी ह्या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. तुमी कधी काई म्हनले न्हाईत. नुसती ट्यूब आनून ठेवली."

त्यांनी वाणाची ट्यूब त्या मुलीच्या ताटात परत ठेवली आणि त्या घरी निघून गेल्या. अप्पा कपाळावर हळद-कुंकू घेऊन तिथंच उभे. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. राग जास्त होता, कारण माझ्याही घरात आईनं कोनाड्यात ट्यूब ठेवली होती आणि तीही मायेनंच. कार्यक्रम कसाबसा संपला, गाडी खुर्च्या भरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकी उघडली. अप्पांचं दुकान उघडं होतं. अप्पा गादीवर बसले होते, पण रस्त्याकडे पाठ करून. तोंड भिंतीकडे.

लोक येत होते, पैसे ठेवत होते, अप्पा मागं न बघता खांद्यावरून साखर, मीठ पुढं करत होते. कुणाचा गुन्हा सांगत नव्हते. काही पोरं फिदीफिदी हसली, पण मोठ्या माणसांपैकी कुणी हसलं नाही. सगळ्या गावाला त्या दुकानाचा कायदा माहीत होता. शनिवार असल्यानं शाळा सकाळची होती. मी परत आले तरी अप्पा तसेच. मला राहवेना. मी जाऊन म्हटलं, अप्पा, हे काय?

"शिक्षा हाय मॅडम."

मी म्हटलं, मग माफी मागा आणि सुटा.

अप्पा भिंतीलाच म्हणाले, "सकाळपासून मागून राहिलो. हितं बसून येतं बराबर. तिच्या म्होरं गेलो की नुसतं पानी मागून माघारी येतो. आगरबत्तीला म्हनलो तवा लई सोपं गेलं व्हतं."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी काही बोलणार तोच आतल्या दाराचा पडदा हलला आणि काकू बाहेर आल्या. त्यांनी काळी साडी नेसली होती. चंद्रकळा, बारीक बुट्ट्यांची. पहिल्या संक्रांतीला त्यांच्या आईनं माहेराहून दिलेली, हे मला नंतर कळलं. इतकी वर्षं ट्रंकेत राहून घड्यांच्या रेघा पक्क्या बसल्या होत्या आणि डांबरगोळ्यांचा वास येत होता. ती त्यांना किती शोभत होती ते मी इथं लिहिणार नाही, कारण क्रीमच्या जाहिरातीसारखं होईल.

काकू अप्पांच्या पाठीमागं उभ्या राहिल्या. पडद्याआडून त्यांनी सगळं ऐकलं असणार.

"भिंतीला काय सांगता? इकडं वळा."

अप्पा वळले. कपाळावरचं कालचं कुंकू अजून अर्धंमुर्धं होतं. त्यांनी वर पाहिलं आणि बघतच राहिले. मग म्हणाले, "चुकलं माझं, महानंदा."

इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना काकूंचं नाव घेताना पहिल्यांदा ऐकलं. काकूंनी स्टूलवरची खोकी एकेक करून खाली ठेवली, पदरानं धूळ झटकली, बसल्या आणि मला विचारलं, "तुमाला काय पायजे मॅडम?" मला काय हवं होतं ते मी विसरूनच गेले होते.

त्या कंपनीचा साबण आणि चहा आमच्या गल्लीत अजून मिळत नाही. सेल्समन येतो, फोटो काढतो, मान हलवतो आणि जातो. उरलेल्या ट्यूबांचं तोंड अजून भिंतीकडेच आहे. दुपारी कुणी चुकून ती क्रीम मागितली तर गुन्हा आता काकू सांगतात, आणि कंपनीच्या आधी अप्पांचा सांगतात. अप्पा गादीवर पडल्या पडल्या डोळे मिटून ऐकतात.

"ते बराबर हाय," एवढंच म्हणतात.